खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत मासे केव्हां सोडावे?

मत्स्यालय खाऱ्या पाण्यानें भरतांच त्यांत रंगीत मासे सोडण्याची घाई बहुतेकांस भोंवते. शेतकरी बंधूंस याचें कारण सहज समजेल. माशांच्या विष्ठेपासून विषारी अमोनिया होतो. त्याचें प्रथम नायट्राइट व मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु आपल्या जमिनींतही असतात. टाकींत ते वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार ठेवून प्रथम सच्छिद्र दगड घालावे, चिमूटभर खाद्य कुजूं द्यावें, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य झाल्यावरच क्लाऊनफिशची एक जोडी सोडावी. समुद्रांतील कठीण प्रवाळ मात्र काढून आणूं नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. जमीन तयार होण्यापूर्वीं बी पेरूं नये, असें आम्ही नेहमीं सांगतों. येथेंही तेंच सांगणें आहे.