उकाड्यातल्या फियाटला ऑइल कोणतं?

मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर एकेकाळी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. कुर्ल्यात बनलेल्या फियाटही इंजिनात फेरफार करून तिथे पळायच्या. तशी १०८९ सीसीची एखादी म्हातारी आज कुणी कावेरीकाठच्या पापनाशममध्ये जपली असेल, तर तिला ऑइल कोणतं घालावं?

डब्यावरच्या ‘२०डब्ल्यू-५०’मधला पहिला आकडा थंड इंजिनातल्या वाहण्याचा. या मुलखात जानेवारीची पहाटही विशीच्या आसपास. महागड्या ‘०डब्ल्यू’चा इथे फारसा उपयोग नाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या दाटपणाचा: ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० त्याहून दाट. झिजलेल्या बेअरिंगांत फट वाढते, पातळ तेल निसटतं, प्रेशर पडतं. तिथे ५० बरं. इंजिन नव्याने बांधलं असेल तर ४० पुरे, उगाच दाट तेल ढवळण्यात ताकद वाया जाते.

खरी मेख वेगळीच. या इंजिनात कॅम टॅपेटवर घासत फिरतो. जस्त-फॉस्फरसचं संयुग तिथे धातूवर थर धरून झीज रोखतं. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो, म्हणून एपीआय ‘एसएन’ दर्जाच्या ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ तेलांत तो ०.०८ टक्क्यांवर रोखलाय. ४० आणि ५०ला ही मर्यादा नाही. ‘सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं’ म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगा, या फियाटला कन्व्हर्टरच नाही! आणि गाडी बहुतेक उभीच असेल, तर किलोमीटर न मोजता वर्षाला ऑइल बदला; दमट हवेतलं पाणी त्यात उतरतंच.