मूठभर धान्याचा फंड

मंडळी, गरिबी हटवायची तर पैसा लागतो. पण गावात बहुतेक घरे गरीब असली, तर पैसा द्यायचा कोणी? सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले. लोक त्यांना कर्मवीर म्हणू लागले.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. आईबापांजवळ खर्चायला पैसा नव्हता. पोरगा शिकला नाही, तर बापासारखाच दुसऱ्याच्या बांधावर राबणार. शिकला, तर घर वर येणार. पण उपाशीपोटी पाटी हातात कशी धरवेल?

भाऊरावांनी लोकांजवळ फार मोठे काही मागितले नाही. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, एवढेच. घरोघरचे हे धान्य गोळा होऊन वसतिगृहात येई. याला मुष्टिफंड म्हणत.

तुम्ही म्हणाल, एका मुठीने काय होते? चला, हिशेबच करू. मूठ म्हणजे ५० ग्रॅम धरा. १०० घरांची रोजची ज्वारी झाली ५ किलो. महिन्याची झाली दीड क्विंटल! एका मुलाला दिवसाला अर्धा किलो धरले, तर १० मुलांची भाकरी निघाली. आणि एक मूठ गेल्याने कोणाच्या घरची चूल विझली नाही.

नुसत्या मुठीवर सगळे भागले असे नव्हे. देणग्याही मिळवाव्या लागल्या. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. मुले स्वतःही शेतात आणि इतर कामांवर राबत, आपला खर्च भागवीत. ‘कमवा आणि शिका’ ती हीच रीत. फुकटचे खातो, असे कोणाला वाटायचे कारण उरले नाही.

यात एक मर्म आहे, बरे का. ज्या कामात आपली मूठ पडते, ते काम आपले वाटते. मग शाळा कशी चालली आहे, हे बाई आपणहून विचारते.

आणि विचारलेच पाहिजे. आपल्या गावात कोणी निधी जमवीत असेल, तर आम्ही तीन गोष्टी सांगतो. दिल्याची पावती घ्या. जमा किती, खर्च किती, हे चावडीवर वाचून दाखवायला सांगा. संस्था नोंदलेली आहे का, ते पाहा. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत होते आणि त्याचे हिशेब तपासून घ्यावे लागतात.

आता तुम्हाला वाचता येते. पावतीवरचा आकडा आणि वहीतला आकडा ताडून पाहा. दोन्ही जुळले, तर दुसरी मूठ मोकळ्या मनाने द्या. जुळले नाहीत, तर चारचौघांत उभे राहून विचारा. त्यात लाजायचे काही नाही. धान्य तुमच्या घरचे आहे आणि त्यावर गावच्या गरीब पोरांचा घास अवलंबून आहे.