सूर्याची चाहूल (१४) : कुलाब्याच्या सुया

सौर झोत पृथ्वीवर नेमका कधी पोहोचेल, हे गणित आज मांडायचं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण अलिबागहून एका वाचकांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘आमच्या गावातल्या चुंबकीय वेधशाळेच्या बांधकामात लोखंडाचा खिळाही नाही म्हणतात, ते खरं का? आणि ती मुंबई सोडून इथे का आली?’

खिळ्याबद्दल ऐकलंत ते अगदी खरं आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक चढउतार टिपायचे तर उपकरणाजवळ लोखंड चालत नाही. तिथे येण्याचं कारण मात्र मुंबईची ट्राम! मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं. रुळांवाटे परतणारी वीज थोडी जमिनीत झिरपते आणि उपकरणांतल्या चुंबकीय सुया हलवते. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी ट्राम धावण्याआधीच, १९०४ मध्ये, अलिबागला काम सुरू केलं. पुढची दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी झाल्या. मूस यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या दोन वर्षांसाठी. दोन जागांमधला फरक हाती आला, म्हणून कुलाब्याची मालिका अलिबागला सांधता आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा सुया खाडीपलीकडे सुखरूप होत्या.

कुलाब्याच्या जुन्या नोंदी इतक्या जपायच्या कशाला? १८५९ साठी. त्या वर्षी १ सप्टेंबरला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने लंडनजवळून सूर्यावरचा लखलखाट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं, तेव्हा मुंबईत २ तारखेची सकाळ होती. इंग्लंडमध्ये क्यूच्या वेधशाळेत छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटत असे. ती कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणूस दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचून लिहीत होता. एरवी तासाला एक नोंद, पण गडबड दिसली की दर पंधरा, कधी पाच मिनिटांनी. त्यामुळे क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलं, हे आपल्याला ठाऊक आहे. ताडून पाहा: १९८९ मध्ये क्वेबेकची वीज गेली त्या वादळाचा डीएसटी, म्हणजे वादळाची तीव्रता सांगणारा निर्देशांक, होता उणे ५८९ नॅनोटेस्ला.

२००३ मध्ये त्सुरुतानी, लाखिना, अलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी जगासमोर आणल्या आणि १८५९ चा निर्देशांक उणे १७६० च्या आसपास असावा असं मांडलं. यावर वाद आहे. डीएसटी तासाच्या सरासरीवर आणि जगभर विखुरलेल्या चार केंद्रांवरून काढतात. इथे एकाच ठिकाणची, काही मिनिटांची घसरण आहे. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच खाली येतो. शिवाय क्षेत्र इतक्या झटकन सावरलं, की पृथ्वीभोवतीचं वलयी प्रवाहाचं कडं एकट्याने हे करू शकेल का, अशी शंका काहींना वाटते. आयनांबरातल्या प्रवाहांचाही त्यात हात असावा. मला हीच बाजू जास्त पटते. वीजवाहिन्यांसाठी ‘सर्वांत वाईट वादळ’ गृहीत धरताना अभियंते १८५९ कडेच बघतात, म्हणून हा वाद केवळ इतिहासाचा नाही.

मूस यांनी या साऱ्या नोंदी ग्रंथरूपानेही छापून काढल्या. त्यांतल्या आकड्यांकडे मी अजून वळलेलोच नाही. पण आधी झोताचं गणित.