तिजोरी कुणाच्या हाती?

बैठकीत दोन तट पडले की आम्हाला धास्ती वाटते, आता गट मोडणार. अमेरिकेत मात्र अशाच दोन तटांतून तिथले पहिले राजकीय पक्ष निघाले. भांडण पेटलं ते कर्जावरून, म्हणून ते आपल्याला चटकन कळेल.

इंग्रजांशी लढून तिथली तेरा राज्यं स्वतंत्र झाली. पण मधल्या सरकारला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचा, दिलं तर दिलं. लढलेल्या शिपायांना पगाराच्या जागी कागद मिळाले, पैसे पुढे देऊ म्हणून. घरी आलेल्या शिपायाची नड मोठी. त्याने तो कागद मिळेल त्या भावात विकला. शंभराच्या कागदाचे पंधरा-वीससुद्धा घेतले. शहरातल्या पैसेवाल्यांनी असे गठ्ठे जमवले.

१७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली आणि १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले. खजिना अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे होता, तर परराष्ट्र खातं थॉमस जेफरसन यांच्याकडे. हॅमिल्टन म्हणाले, आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण रक्कम द्या, आणि राज्यांचं लढाईचं कर्जही केंद्राने घ्यावं. देशाची पत राहिली तरच पुन्हा कर्ज मिळेल. जेम्स मॅडिसन यांनी विचारलं, मग ज्या शिपायाने रक्त सांडलं त्याचं काय? त्यालाही वाटा द्या. सभागृहाने ते फेटाळलं. पतीचा हिशोब आम्हाला पटतो, पण त्या शिपायाचा विचार मनातून जात नाही.

इथे एक गंमत सांगतो. असे कागद घेणाऱ्यांत अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सही होत्या, पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांच्या पत्नी. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा कायद्याने काही राहत नसे. नवरा म्हणे जमीन घेऊ, या म्हणत कर्जरोखे घेऊ. यांचाच हिशोब खरा ठरला!

व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंच कर्ज फेडलेलं होतं. दुसऱ्याचं आम्ही का फेडायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १७९० मध्ये जेफरसन यांच्या घरी जेवणाच्या पंगतीत तडजोड झाली. कर्ज केंद्राने घ्यायचं, बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी. आजचं वॉशिंग्टन शहर ते हेच.

पण १७९१ मध्ये बँकेचा प्रश्न आला आणि पुन्हा जुंपली. बँक काढायचा अधिकार घटनेत लिहिलेलाच नाही, असं जेफरसन म्हणाले. हॅमिल्टन यांचं उत्तर, काम सोपवलं की त्याला लागणारी साधनंही त्यात आलीच. वॉशिंग्टन यांनी बँकेवर सही केली. मजबूत केंद्र, व्यापार, कारखाने हवे असणारे हॅमिल्टन यांच्यामागे गेले, ते फेडरलिस्ट. शेतकऱ्यांचा देश आणि राज्यांच्या हाती सत्ता हवी असणारे जेफरसन-मॅडिसन यांच्याकडे, ते रिपब्लिकन. आजच्या त्या नावाच्या पक्षाशी याची गल्लत करू नका. शेतकऱ्यांबद्दल एवढं बोलणाऱ्या जेफरसन यांच्या शेतात गुलाम राबत होते, हेही सांगायला हवं.

१७९८ मध्ये फेडरलिस्टांनी सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात घालणारा कायदा केला. १८०० च्या निवडणुकीत ते हरले. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना सारखी, ७३-७३ मतं पडली. मग सभागृहात ३६ वेळा मतदान झालं, तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष झाले. विशेष म्हणजे हॅमिल्टन यांनी बर यांच्याऐवजी जेफरसन यांचीच बाजू घेतली होती.

सत्तेवर आल्यावर जेफरसन यांनी बँक बंद केली नाही. उलट १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख घेतला. तो अधिकार तरी घटनेत कुठे लिहिला होता? १८११ मध्ये बँकेची मुदत संपली, ती त्यांच्या पक्षाने वाढवली नाही. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी पुन्हा लढाई लागली आणि खजिन्याची ओढाताण झाली. १८१६ मध्ये दुसरी बँक निघाली. तिच्या कायद्यावर सही कुणाची? अध्यक्ष मॅडिसन यांची.