नदी फुटते तेव्हा
अलास्कात वसंत आला हे पक्ष्यांपेक्षा नदी खात्रीने सांगते. दूरचे पक्षी बरेचसे दिवसमानावर निघतात, बर्फ मात्र उष्णतेचा हिशेब ठेवतो. नेनाना गावी टनाना नदीच्या बर्फात लाकडी तिकाटणे रोवतात. बर्फ फुटून ते शंभरेक फूट सरकले, की तार ताणली जाते आणि काठावरचे घड्याळ थांबते. १९१७ पासून या क्षणावर पैजा लागतात, म्हणूनच नोंदही चोख राहिली. १९६४ मध्ये बर्फ २० मे रोजी फुटला, २०१९ मध्ये १४ एप्रिललाच.

एका नदीवरून काय ठरवायचे, हा आक्षेप रास्त आहे. बर्फाची जाडी, वरचा हिमथर, वितळपाण्याचा लोंढा, सारेच तारीख हलवतात. एकट्या वर्षाने काहीच सिद्ध होत नाही. पण शतकभराचा कल लवकर फुटण्याकडेच आहे, आणि फिनलंड-स्वीडन सीमेवरच्या तोर्ने नदीच्या १६९३ पासूनच्या नोंदीही तेच दाखवतात.