घरीं बिअर करण्याची पेटी : कृति आणि कायदा

कर्जत व खालापूर या तालुक्यांत अलीकडे शेतघरें, ज्यांस हल्लीं सर्रास फार्महाऊस म्हणतात, पुष्कळ झालीं आहेत. मुंबई-पुण्याची मंडळी तेथें सुटीस येतात व त्यांच्याबरोबर नवनव्या वस्तूहि येतात. घरीं बिअर करण्याची पेटी ही त्यांपैकींच एक. ती आमच्या स्वतःच्या घरांत शिरली, व तिनें जो अनुभव दिला तो शेतकरी बंधूंस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

गेल्या वैशाखांत आमचा पुतण्या विलायतेहून आला. येतांना त्यानें ही पेटी आणली. “काका, लोणचें मुरतें तसाच हा प्रकार,” असें तो म्हणाला व आम्हीं फारसें लक्ष दिलें नाहीं. त्यानें बाटल्या भरून माळ्यावर ठेविल्या. तिसऱ्या रात्रीं बंदुकीचे बार व्हावे तशा सहा-सात बाटल्या एकामागून एक फुटल्या व कांचा कौलांपर्यंत उडाल्या. सुदैवानें माळ्यावर कोणी निजलें नव्हतें.

बाटल्या कां फुटल्या हें कळण्यास मूळ कृति समजली पाहिजे. बिअर मुख्यतः जवाची करतात. जव सुमारें दोन दिवस भिजवून त्यास चार-पांच दिवस मोड येऊं देतात व मग तो वाळवितात. यासच माल्ट म्हणतात. आपल्या घरीं बायका नाचणीस मोड आणून वाळवितात, तोच हा प्रकार होय. मोड येतांना दाण्यांत जो पाचक पदार्थ उत्पन्न होतो, तो पिठूळ भागाची साखर करतो. म्हणून हा जव भरडून सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवला म्हणजे पाणी गोड होतें. तें पाणी हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. त्यानें कडवट चव येते. नंतर निववून त्यांत यीस्ट घालतात. यीस्ट हे अतिसूक्ष्म जीव होत. ते साखर खातात आणि तिचा मद्यार्क व कार्बन वायु करतात.

पेटींत जवाचा हा गोड अर्क काकवीसारखा दाट करून डब्यांत भरलेला असतो. त्यामुळें भरडण्याचा व भिजविण्याचा खटाटोप वांचतो. पाणी मिसळून यीस्ट घालावें, एक-दोन आठवडे आंबूं द्यावें, मग चिमूटभर साखर घालून बाटल्या बंद कराव्या, इतकेंच काम उरतें. ती साखर आंबून झालेला वायु बाटलींत कोंडला जातो. फेस येतो तो त्याचाच.

परंतु पहिलें आंबणें पुरें होण्यापूर्वीं बाटली बंद केली, तर उरलेली सगळी साखर आंतच वायु करूं लागते. द्रवाची घनता मोजणारी कांचेची नळी असते. ती लागोपाठ दोन-तीन दिवस एकच आंकडा दाखवील तेव्हांच आंबणें संपलें असें समजावें. पुतण्यानें बुडबुडे मंदावलेले पाहून पांचव्याच दिवशीं बुचें मारलीं. शिवाय या यीस्टास साधारणपणें १८ ते २२ अंश उष्णता मानवते. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि कौलाखालचा माळा तर भट्टीच.

आतां मुख्य मुद्दा. इंग्लंडांत १९६३ सालापासून घरच्या उपयोगापुरती बिअर करण्यास परवान्याची गरज उरली नाहीं, व अमेरिकेंत १९७८ सालच्या कायद्यानें तशी मोकळीक दिली. पुतण्याचा समज तेथला होता. आपल्या राज्यांत १९४९ सालचा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याचें १२ वें कलम परवान्यावांचून मद्य तयार करण्यास मनाई करतें. तयार करण्याच्या व्याख्येंत नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही क्रिया येतात. म्हणून “आम्हीं केवळ पाणी मिसळलें, आंबलें तें आपोआप” ही सबब चालत नाहीं. पिण्याचा परवाना हा करण्याचा परवाना नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आपल्या मुलुखास हा विषय नवा नाहीं. कर्जत तालुका १८९१ सालीं ठाण्यांतून कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि १८९२ सालीं याच दोन जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. कातकरी व ठाकूर यांचें तें अडीअडचणीचें अन्न. परंतु त्यापासून दारू होते म्हणून फुलें बाळगणेंहि संशयास्पद ठरलें. आंबणाऱ्या वस्तूवर सरकारची नजर किती जुनी आहे, हें यावरून दिसेल.

आमचें आयुष्य महसूल कचेरींत गेलें. जागेवर कांहीं सांपडलें म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्यास प्रथम विचारणा होते. मग जबाब, पंचनामा व तारखा. पाहुणा तोंवर आपल्या गांवीं गेलेला असतो. म्हणून जे बंधु आपलीं घरें सुटीपुरतीं भाड्यानें देतात, त्यांनीं करारांतच अशी अट लिहून घ्यावी, व घरच्या मुलांसहि वेळीं समजावून सांगावें. आम्हीं उरलेल्या बाटल्या जाड गोणपाटांत धरून उघडल्या व उकिरड्यांत ओतल्या. पुतण्या दोन दिवस अबोल होता. कलम वाचून दाखविल्यावर त्याचा राग गेला.

नाचणीस मोड आणण्याची विद्या आपल्या घरांत पूर्वींपासून आहे. तिचें सत्त्व, तिची खीर निर्धास्तपणें करावी व पाहुण्यांसहि द्यावी. त्यापुढें आंबवून मद्य करण्याची पायरी मात्र परवान्यावांचून कोणींहि चढूं नये.