ट्रेकसाठी खिशात मावणारी धार-किट: दोन लाकडी पट्ट्या, वॉटर पेपर आणि तुमचा मोबाईल

मुक्कामी ट्रेकला निघताना आपण पॉवर बँक, टॉर्च, ऑफलाइन मॅप सगळं नीट तपासतो. सुरी मात्र किचनमधून उचलून तशीच सॅकमध्ये टाकतो. मग रात्री हेडलॅम्पच्या उजेडात खिचडीचा कांदा कापताना ती घसरते. बोथट सुरी धोकादायक असते ती याचमुळे. ती कापत नाही म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावल्यावर ती कुठे जाईल यावर ताबा राहत नाही. हरिश्चंद्रगडावरून पाचनईत उतरायलाच दीड-दोन तास जातात, दवाखाना त्याच्याही पुढे. कापलेलं बोट घेऊन ती वाट उतरायची नसेल तर ही छोटी किट घरीच बनवून ठेवा.

धार जाते म्हणजे नक्की काय होतं?

पात्याच्या दोन बाजू उतरत येऊन ज्या रेषेत भेटतात ती धार. वापरून ही रेषा गोल होते किंवा एका बाजूला वळते. धार लावणं म्हणजे दोन्हीकडून थोडा धातू घासून त्या बाजू पुन्हा एका रेषेत भेटवणं. म्हणून दगड किती महाग आहे यापेक्षा प्रत्येक वेळी कोन तोच राहतोय का, हे जास्त महत्त्वाचं. किचनच्या सुरीला दर बाजूला साधारण २० अंश पुरतात.

काय काय लागेल?

- दोन सपाट लाकडी पट्ट्या, प्रत्येकी सुमारे १५ सेमी लांब, ३ सेमी रुंद. सुताराकडे तुकडे मिळतात.
- ४०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर. हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानात मागा.
- जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा. खरं चामडं हवं, रेक्झीन नको.
- डबल साइड टेप, रबर बँड, फडकं आणि छोट्या बाटलीत खोबरेल तेल.

पेपरचा नंबर जितका मोठा तितके कण बारीक. पी ४०० चे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, पी १००० चे सुमारे १८. म्हणजे ४०० धातू काढतो आणि १००० त्याचे ओरखडे बारीक करतो.

पहिल्या पट्टीच्या एका बाजूला ४००, दुसऱ्या बाजूला १००० चिकटवा. दुसऱ्या पट्टीच्या एकाच बाजूला चामडं लावा. पट्ट्या एकत्र बांधताना चामडं बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर पेपरचे कण त्यात रुततील. पेपरचे दोन-तीन जादा तुकडेही घ्या, झिजला की बदलता येतो.

कोन मोबाईलने मोजा

आयफोनच्या ‘मेझर’ ॲपमध्ये ‘लेव्हल’ असतं. अँड्रॉइडवर ‘बबल लेव्हल’ प्रकारची फुकट ॲप्स आहेत. पट्टीवर मोबाईल ठेवा, कॅमेऱ्याचा उंचवटा बाहेर राहू द्या. तुमच्यापासून लांबचं टोक २० अंश दिसेपर्यंत उचला आणि खाली दगड सरकवा. १५ सेमी पट्टीला ही उंची साधारण ५ सेमी येते. जवळचं टोकही एखाद्या दगडाला टेकवा, म्हणजे पट्टी सरकणार नाही.

आता मोबाईल बाजूला ठेवा आणि सुरी जमिनीला समांतर, आडवी धरा. पट्टी तिरपी आहे, त्यामुळे २० अंशांचा कोन आपोआप मिळतो. हवेत २० अंश धरून ठेवण्यापेक्षा आडवी रेषा सांभाळणं हाताला खूप सोपं जातं.

बॅटरी संपली तर? कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा. ९० चे ४५, ४५ चे २२.५ अंश. काम भागतं.

धार लावताना

1. पेपर ओला करा. धार तुमच्यापासून लांब, सुरीची पाठ तुमच्याकडे.
2. पाठ पुढे ठेवून सुरी हलक्या हाताने स्वतःकडे ओढा. उलट ढकललीत तर पेपर फाटेल.
3. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड येते. वर्कशॉपमध्ये हिला ‘बर’ म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडे आडवं न्या, धारेच्या लांबीवर कधीच नाही.
4. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली की सुरी उलटा. मूठ आता दुसऱ्या हातात येईल, घाई करू नका.
5. दोन्ही बाजू झाल्या की १००० वर तेच करा, शेवटी कोरड्या चामड्यावर दहा-पंधरा वेळा ओढा.

किती वेळा घासायचं, याचं उत्तर आकड्यात नाही. बर आली म्हणजे ती बाजू झाली. बर न येताच सुरी उलटली तर कितीही घासा, धार येणार नाही.

कसं तपासायचं?

मोबाईलचा टॉर्च धारेवर सरळ मारा. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे धार अजून बोथट आहे, कारण टोकदार कडेवर प्रकाश परतवायला जागाच नसते. मग टोमॅटो घ्या. जोर न लावता साल कापली गेली की झालं. अंगठ्यावर प्रयोग नको.

कापण्याआधी सुरी साबणाने धुवा, पेपरचे कण आणि लोखंडाचा कीस जेवणात नको. परत ठेवताना पुसून तेलाचं बोट फिरवा, पावसाळ्यात तर नक्कीच. दातेरी आणि सिरॅमिक सुऱ्यांना ही किट चालत नाही. विमानाने जाणार असाल तर सुरी चेक-इन बॅगेतच ठेवा.

पहिला प्रयत्न मात्र गडावर करू नका. घरातली सगळ्यात बोथट सुरी काढा आणि या रविवारी तिच्यावर हात बसवा.